डावी सीट

बाजारात गाड्या उभ्या आहेत ओळीनं,
खाली गोठलेला चिखल, वर कोळशाचा धूर,
आणि प्रत्येक काचेवर खडूनं लिहिलेला आकडा,
ज्यावर विकणाऱ्याचाही विश्वास नाही.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. उलानबातरमधल्या
नऊ-नऊ मजल्यांच्या जुन्या इमारती,
मधेच अडकलेली माणसं, त्यांच्या हातातलं वितळतं आइस्क्रीम
(हो, हिवाळ्यातही खातात).
मला गाडी हवी ती एवढ्यासाठी:
पहाटे पाचला, उणे पस्तिसात, पहिल्या किल्लीला जागी व्हावी.
मागे तारेचं भेंडोळं मावावं.
महिन्याच्या वीस तारखेलाही टाकीत काहीतरी असावं.

जुनी रशियन जीप परवा विकली.
अकरा वर्षं पोसली तिला.
रात्री अंगावर नमदा घालायचा,
पहाटे पोटाखाली स्टोव्ह धरून विनवण्या करायच्या.
शंभर किलोमीटरला सोळा लिटर प्यायची
आणि चढावर माझ्याच नावानं खोकायची.
तुमेन्देल्गेरनं घेतली, गोबीत नेतो म्हणाला.
जाताना तिनं नेहमीसारखाच धूर सोडला
माझ्या तोंडावर.

दावाजाव बॉनेट उघडतो. "हायब्रीड. शंभराला साडेचार."
मी वही काढतो.
येऊन-जाऊन चौतीस किलोमीटर, शिवाय दिवसाला चार इमारती,
ट्रॅफिकमध्ये निम्मा वेळ तर इंजिन झोपलेलंच.
डिकी विती लावून मोजतो: सात विती, चार बोटं.
भेंडोळं सहा वितींचं.
बॅटरी किती वर्षं चालेल, विचारतो.
तो आभाळाकडे बघतो.
मी किमतीतून आभाळाएवढे कमी करतो.

सगळं जमतंय. मग दार उघडतो,
आणि इथंच घोडं पेंड खातं:
स्टिअरिंग उजवीकडे. जपानहून आली, ती तशीच.
आमच्याकडे गाड्या उजव्या बाजूनं चालतात.
म्हणजे ट्रकला ओलांडायचं झालं
तर समोरून काय येतंय ते मला दिसणार नाही,
दिसेल डावीकडे बसलेल्याला.
पलीकडे एक कोरियन उभी आहे, डाव्या स्टिअरिंगची.
पेट्रोल दुप्पट, किंमत दीडपट.
"शेजारी बसेलच की कुणीतरी," दावाजाव म्हणतो.

बसणार ती नोमुन्दारी. सतरा वर्षांची.
तिची शाळा माझ्या वाटेवर.
ऑगस्टपासून माझ्याशी बोलत नाही.
तिला शिकायला बुसानला जायचं होतं.
मी तेव्हाही वही काढली होती.

बायकोनं चारही चाकांवर दूध शिंपडलं,
मग थोडा विचार करून स्टेपनीवरही.
गाडी सुरू झाली की आतली जपानी बाई
रोज काहीतरी आदबीनं सांगते.
आम्ही दोघं ऐकून घेतो.
त्यानंतर शाळेपर्यंत कुणी बोलत नाही.
इंजिनसुद्धा नाही.
इतक्या शांत गाडीचा हा एक तोटा
वहीत मांडायचा राहिला होता.

रविवारी दार्खानला तिची परीक्षा.
बावीस किलोमीटर एका कोळशाच्या ट्रकमागे.
काचेवर बारीक खडे टपटपतात.
मी मान लांब करतो, वाकतो, जवळजवळ तिच्या मांडीवर डोकं टेकतो,
दिसते फक्त ट्रकची फळी
आणि तिच्यावर कुणीतरी बोटानं काढलेला उंट.
परीक्षा दहाला. नऊ वाजून गेले.
मी हळूच चाक मधल्या रेषेकडे वळवतो.

"थांब."

टँकर गेला, गाडी हलली.
तिच्या हातात एक इअरफोन, कानात एक.
नजर रस्त्यावर. हनुवटी माझ्या आईसारखी पुढे.
मी थांबलो. एक बस गेली. एक मोटारसायकल, मागे बांधलेली मेंढी.

"आता. जा, जा, जा!"

गेलो.
आरशात ट्रक लहान होत गेला.
पडद्यावर शंभराला चार पूर्णांक तीन.
इअरफोन अजून तिच्या हातातच आहे.

दार्खानपर्यंत रस्ता मोकळा दिसतोय.
मी पुढचा ट्रक शोधतोय.